हाड भरून यावे आणि जंतूही दूर राहावेत, असे इम्प्लांट असते का?

पत्र : माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. अकरा महिन्यांपूर्वी अपघातात त्याच्या नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले. प्लेट बसवली, पण दोन महिन्यांनी जखमेतून पू येऊ लागला आणि गोळ्या-इंजेक्शनांनी तो थांबला नाही. अखेर डॉक्टरांनी प्लेट काढली, खराब झालेले हाड कापून टाकले, हाड स्थिर ठेवणारी बाहेरची चौकट, म्हणजे फिक्सेटर, लावला आणि सुमारे चार सेंटिमीटरच्या रिकाम्या जागेत प्रतिजैविक मिसळलेले सिमेंट भरले. गेले सात आठवडे जखम कोरडी आहे. आता सिमेंट काढून तिथे हाड भरायचे आहे. एक सर्जन म्हणतात, कमरेचे हाड भरून नडगीच्या नळीत टायटॅनियमची सळई टाकू. दुसरे म्हणतात, त्यात जैवसक्रिय काचेचे दाणेही मिसळू. मी मात्र हाड वाढवणाऱ्या आणि जंतूही मारणाऱ्या नव्या लेपांविषयी वाचले आहे. तसे इम्प्लांट मिळेपर्यंत थांबावे का? पहिली प्लेट आम्ही स्वस्तातली निवडली म्हणून हे झाले का, हा विचार मला झोपू देत नाही. भावाने सिगारेट कमी केली आहे, पूर्ण सोडलेली नाही.

उत्तर :

ताई, तुमच्या झोपेवर ज्या प्रश्नाने घाला घातला आहे, त्याचे उत्तर आधी देतो. पू झाला तो प्लेट स्वस्त होती म्हणून नव्हे. हाड कातडी फाडून बाहेर येते, तेव्हा त्यावर माती, कपड्याचे धागे आणि त्वचेवरचे जंतू बसतात. त्याहून वाईट गोष्ट अशी की, हाडावरचे पातळ आवरण सोलले जाते आणि त्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो. नडगीच्या पुढच्या बाजूला हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाचा थर जवळजवळ नसतोच. म्हणून उघड्या फ्रॅक्चरनंतर जंतुसंसर्ग होण्याचा धोका या हाडाला विशेष असतो. ज्या हाडात रक्त पोहोचत नाही, तिथे शरीराच्या पांढऱ्या पेशीही पोहोचत नाहीत आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविकही पोहोचत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत स्टीलपेक्षा टायटॅनियमच्या प्लेटभोवती संसर्ग कमी होतो असे दिसले आहे, हे खरे. परंतु धातूधातूंमधला हा फरक, मेलेले हाड जागेवर राहणे आणि ते पूर्ण निघणे यांतल्या फरकापुढे फार लहान आहे. तुम्ही कोणतीही प्लेट निवडली असती, तरी ती त्याच जखमेत बसवावी लागली असती.

मात्र कोणतीही परकी वस्तू शरीरात ठेवली की जंतूंचे काम सोपे होते, हे खरेच आहे आणि ते फार पूर्वी सिद्ध झालेले आहे. १९५७ साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून पाहिले. नुसते जंतू टोचले, तेव्हा पू होण्यासाठी ते लाखोंच्या संख्येने लागले. पण त्याच जागी रेशमी धाग्याचा एक टाका असला, की काहीशे जंतू पुरेसे ठरले. एका टाक्याने एवढा फरक पडतो, तर वीतभर लांबीच्या धातूने किती पडेल याची कल्पना तुम्ही करू शकाल.

हे असे का होते, ते पू झालेली प्लेट काढताना हाताला कळते. मी शस्त्रक्रिया करत असे त्या वर्षांत अशा कितीतरी प्लेट काढल्या. निरोगी हाडात वर्षभर राहिलेला टायटॅनियमचा स्क्रू काढायला गेले, तर तो सहजासहजी फिरत नाही. पेचकस घसरतो, कधी स्क्रूचे डोकेच तुटून हातात येते, कारण हाड त्याच्या आट्यांत शिरून धातूला घट्ट भिडलेले असते. पू झालेल्या जागेतला स्क्रू मात्र दोन बोटांनी उपसून येतो. प्लेट उलटी करून दिव्याखाली धरली, तर तिच्या हाडाकडच्या बाजूला कधीकधी एक पातळ, बुळबुळीत थर दिसतो आणि तो पाण्याने धुऊन जात नाही. जंतूंनी स्वतःभोवती विणलेले ते संरक्षक आवरण आहे. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या आवरणाच्या आत जंतू जवळजवळ झोपी गेल्यासारखे राहतात, आणि मोकळ्या जंतूंना मारणारी प्रतिजैविकाची मात्रा हजारपट वाढवली तरी आतले जंतू तगून राहू शकतात. तुमच्या भावाला गोळ्या-इंजेक्शनांनी गुण का आला नाही, याचे उत्तर बहुधा इथेच आहे. औषध चुकीचे असेलच असे नाही. ते पोहोचण्याआधी जागा बळकावली गेली होती.

या बळकावण्याला अमेरिकन सर्जन अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली पृष्ठभागासाठीची शर्यत असे नाव दिले. इम्प्लांट शरीरात गेल्यापासून काही क्षणांतच त्यावर रक्तातली प्रथिने चिकटतात आणि मग त्या प्रथिनांवर पाय रोवायला दोन पक्ष धावतात, एकीकडे हाड तयार करणाऱ्या पेशी आणि दुसरीकडे जंतू. पेशी आधी पोहोचून पसरल्या, तर जंतूंना बसायला मोकळी जागा उरत नाही. जंतू आधी पोहोचले, तर पेशींना ती जागा पुन्हा जिंकता येत नाही. तुम्ही वाचलेल्या नव्या लेपांचे सारे संशोधन ही शर्यत पेशींच्या बाजूने झुकवण्यासाठी आहे. अडचण अशी की, फायब्रोनेक्टिनसारख्या ज्या प्रथिनाला धरून हाडाची पेशी पृष्ठभागावर चढते, त्याच प्रथिनाला धरायचे हात स्टॅफिलोकॉकसपाशीही आहेत. पेशींसाठी लावलेली शिडी चोरालाही चालते.

हाडाला धातूशी नाते जोडता येते, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात अवचित उमगले. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची निरीक्षण-नळी प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती हाडाशी एकजीव झालेली निघाली. १९६५ मध्ये त्यांनी याच गुणाच्या आधारे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात दातांची इम्प्लांट बसवली. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची अशी काच बनवली, की उंदरांच्या मांडीच्या हाडातून ती ओढूनही निघेना. तुमच्या दुसऱ्या सर्जनांनी सुचवलेले दाणे याच कुळातले. मूळ काचेत ४५ टक्के सिलिका होती. हाडाच्या जुनाट संसर्गात आज ज्या प्रकाराचा अनुभव सर्वांत जास्त आहे, त्यात ती ५३ टक्के असते. आपल्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. त्याच्याशी मिळतेजुळते हायड्रॉक्सिॲपटाइट सांध्यांच्या इम्प्लांटवर लेप म्हणून देतात, आणि त्याच वर्गातले ट्रायकॅल्शियम फॉस्फेट दाण्यांच्या रूपाने पोकळीत भरतात. हायड्रॉक्सिॲपटाइट वर्षानुवर्षे विरघळत नाही, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मात्र हळूहळू जिरून हाडाला जागा करून देते, हा फरक निवडीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

परंतु हे सारे पदार्थ हाडाला चढायला मांडव देतात, वेल ते स्वतः लावत नाहीत. वेल लावण्याचे काम करणारी प्रथिने हाडातच असतात, हे मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले, आणि त्यांपैकी बीएमपी-२ हे प्रथिन कारखान्यात बनवून वापरण्यास अमेरिकेत २००२ मध्ये मणक्यासाठी व २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी परवानगी मिळाली. ते जोरकस औषध आहे. मानेच्या मणक्यात वापरल्यावर जीवघेणी सूज आल्याच्या तक्रारींवरून तेथील औषध नियामकांनी २००८ मध्ये इशारा दिला होता, आणि जिथे संसर्ग चालू आहे तिथे ते वापरू नये असे त्याच्या सूचनांमध्येच लिहिलेले असते. हाड वाढवणारी गोष्ट जंतूंना आवर घालतेच असे नाही, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

जंतूंच्या बाजूने पाहिले, तर सर्वांत जुना आणि सर्वांत पारखलेला उपाय तुमच्या भावाच्या पायात या क्षणी आहे. सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत जर्मनीत सर्जन बुखोल्झ यांनी सुमारे १९७० पासून रूढ केली. रक्तातून कधीच गाठता येणार नाही एवढी औषधाची मात्रा यामुळे नेमक्या जागी मिळते आणि मूत्रपिंडांना त्रास कमी होतो. मात्र त्यातले बरेचसे औषध पहिल्या काही दिवसांतच बाहेर पडते, नंतर अगदी थोडे झिरपत राहते, आणि औषध संपलेले सिमेंट ही पुन्हा एक परकी वस्तूच असते. म्हणून ते कधीतरी काढावेच लागते. चांदीचा लेप हा दुसरा उपाय. कर्करोगासाठी हाडाचा मोठा भाग काढून जी लांब इम्प्लांट बसवतात, त्यांच्यावर तो वापरला जातो. चांदीचे आयन जंतूंना मारतात, पण मात्रा थोडी वाढली की हाडाच्या पेशींनाही मारतात. जपानमध्ये विकसित झालेला आयोडीनचा लेप, किंवा जस्त आणि तांबे यांचे लेप, या सर्वांना हीच अरुंद वाट चालावी लागते. तिसरा मार्ग पृष्ठभागाच्या घडणीचा. सिकाडा नावाच्या किड्याच्या पंखावरचे सूक्ष्म काटे काही जंतूंना निव्वळ टोचून फाडतात, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि टायटॅनियमवर तसे काटे उगवण्याचे प्रयत्न सुरू झाले. मला या दिशेबद्दल मनापासून आशा वाटते, कारण ज्या जंतूला औषधाने नव्हे तर आघाताने मारले, त्याला औषधाला सरावण्याची संधी मिळत नाही. तरीही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत यशस्वी ठरलेली गोष्ट, रक्त, पू आणि मेलेल्या पेशींनी माखलेल्या पृष्ठभागावर तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही.

दोन्ही गुण एकाच वस्तूत आणणे का कठीण आहे, ते आता सांगता येईल. हाडाला खडबडीत पृष्ठभाग आवडतो, आणि एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चढउतार त्याला चांगले मानवतात. स्टॅफिलोकॉकसचा आकारही एक मायक्रॉनच्या आसपास असल्याने त्या खाचा त्याला लपायला नेमक्या मापाच्या होतात. हाडाला शिरायला शंभराहून अधिक, शक्यतो तीनशे मायक्रॉनच्या पुढची छिद्रे लागतात. त्रिमितीय छपाईने अशी जाळीदार टायटॅनियमची इम्प्लांट आज बनवता येतात, आणि भरीव टायटॅनियमचा ताठरपणा हाडाच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक असल्याने जाळी केल्याने तो कमी होतो, हाही मोठा फायदा आहे. पण जाळी म्हणजे पृष्ठभाग अनेक पटींनी वाढणे. आत रक्तवाहिन्या शिरण्याआधी जंतू शिरले, तर तिथून त्यांना खरवडून काढणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय दोघांचे वेळापत्रक निराळे आहे. जंतूंशी लढा पहिल्या काही तासांत आणि आठवड्यांत ठरतो, तर हाड भरायला कित्येक महिने लागतात. ज्या लेपाने आधी मारायचे आणि नंतर बाजूला होऊन पेशींना वाट द्यायची, तो बनवणे सोपे नाही. जेंटामायसिनचा पातळ लेप असलेली नडगीची सळई काही देशांत अनेक वर्षांपासून वापरात आहे, आणि ती याच विचाराने बनवली आहे की औषध सुरुवातीच्या दिवसांत निघून जावे आणि मागे साधी सळई उरावी. अशी सळई तुमच्या सर्जनांना उपलब्ध असेल, तर तिच्याविषयी जरूर विचारा. पण ती हाड वाढवत नाही, हे लक्षात असू द्या.

आता थांबण्याविषयी. माझे स्पष्ट मत आहे की, नव्या इम्प्लांटसाठी थांबू नये. भावाच्या पायातल्या सिमेंटभोवती या सात आठवड्यांत शरीराने एक पातळ पडदा तयार केला असणार. फ्रान्सचे सर्जन मास्केले यांनी १९८० च्या दशकात या पडद्याचा उपयोग ओळखला. त्याला रक्तवाहिन्या असतात, त्यातून हाडाला चालना देणारी प्रथिने पाझरतात आणि ग्राफ्टला, म्हणजे दुसरीकडून आणून भरलेल्या हाडाला, तो पिशवीसारखा धरून ठेवतो. सिमेंट काढून हाड भरण्याची वेळ सामान्यतः सहा ते आठ आठवड्यांनी येते, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आली आहे. हाड वाढवणारा आणि स्वतःचे रक्त असलेला असा पडदा कोणत्याही कारखान्यात मिळत नाही. तो त्याच्या पायात तयार आहे.

दोन सर्जनांची मते तुम्हाला परस्परविरोधी वाटली, पण मला ती तशी वाटत नाहीत. कमरेच्या हाडातून घेतलेल्या ग्राफ्टमध्ये जिवंत पेशी असतात, चालना देणारी प्रथिने असतात आणि मांडवही असतो. हे तिन्ही एकत्र देणारा कृत्रिम पदार्थ अजून झालेला नाही, म्हणून आधार स्वतःच्या हाडाचाच हवा. परंतु चार सेंटिमीटरची पोकळी भरायला कमरेचे हाड अपुरे पडू शकते. अशा वेळी मांडीच्या हाडाच्या नळीतून ग्राफ्ट काढतात किंवा भर म्हणून दाणे मिसळतात. काचेच्या दाण्यांचा विशेष असा, की त्यांतून सोडियम आणि कॅल्शियम सुटल्याने आसपासचे द्रव अल्कधर्मी आणि क्षारांनी दाट होते. जंतूंना ते सोसत नाही, आणि पुढे त्याच दाण्यांवर हाडाच्या खनिजासारखा थर जमतो. दोन्ही गुण काही प्रमाणात एकत्र देणारा आणि माणसांमध्ये दीर्घकाळ वापरलेला पदार्थ कोणता, असे मला विचाराल, तर मी याचेच नाव घेईन. मात्र काच ठिसूळ असते, भार घेत नाही, आणि ग्राफ्टच्या जागी नुसती काच भरून एवढी पोकळी सांधली जाईल असे मी म्हणणार नाही. भर म्हणून ती योग्य आहे.

मला खरी काळजी वाटते ती सळईची, आणि तीही तिच्या धातूची नव्हे. फिक्सेटरचे खिळे कातडीतून हाडाच्या नळीपर्यंत गेलेले असतात. एखाद्या खिळ्याभोवती लाली असेल, ओल असेल, तर तिथले जंतू सळई ठोकताना संपूर्ण नळीत पसरण्याचा धोका असतो. म्हणून पुढच्या भेटीत प्रत्येक खिळ्याची जागा डॉक्टरांना नीट दाखवा. फिक्सेटर काढल्यावर ती भोके भरू देण्यासाठी मध्ये काही दिवस सोडणार आहेत का, की सळईऐवजी दुसरा आधार देणार आहेत, हे विचारा. मागच्या वेळी प्लेट काढताना ऊतींचे किती नमुने कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवले होते, कोणता जंतू आला आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, याचा कागद हातात घ्या. एकाच नमुन्यावर विसंबू नये, पाचेक ठिकाणचे नमुने असावेत. ते घेण्याआधी शक्य असल्यास दोन आठवडे प्रतिजैविक बंद असावे, नाहीतर जंतू असूनही अहवाल निरंक येतो. काही जंतू इतके सावकाश वाढतात की प्रयोगशाळेने नमुने दोन आठवडे ठेवावेत, अशी विनंती करावी लागते. शरीरातला दाह दाखवणाऱ्या सीआरपीच्या रक्ततपासणीचा आकडा खाली आला असेल तर चांगलेच, पण तो सामान्य आला म्हणून संसर्ग संपला असे सिद्ध होत नाही. सिमेंट काढताना पडद्याच्या आत पू किंवा संशयास्पद ऊती दिसल्या, तर त्याच दिवशी हाड न भरता पुन्हा सफाई करून नवे सिमेंट ठेवण्याची सर्जनांची तयारी आहे का, हेही आधी विचारून ठेवा. जो सर्जन या प्रश्नाला होय म्हणेल, त्याच्यावर माझा विश्वास अधिक बसेल, आणि तसे घडले तर तुम्ही ते अपयश समजू नये.

शेवटी, तुम्ही पत्राच्या अखेरीस एका ओळीत उरकलेली गोष्ट. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. भरलेल्या ग्राफ्टमधल्या पेशींना पहिल्या दिवसांत रक्तवाहिनी नसते, भोवतालच्या पडद्यातून जो ऑक्सिजन पाझरेल त्यावरच त्या तग धरतात; धूम्रपान करणाऱ्यांमध्ये नडगी सांधायला अधिक वेळ लागतो, ती न सांधण्याचे प्रमाण जास्त असते आणि जंतुसंसर्गही अधिक होतो. भावाने सिगारेट कमी केली, याचे कौतुक करावेसे तुम्हाला वाटेल आणि ते करा, पण शस्त्रक्रियेच्या आधीचे चार आठवडे आणि हाड भरेपर्यंतचे महिने शून्यच हवे. त्याने आजच सोडली, तर शस्त्रक्रिया दोन-तीन आठवडे पुढे नेण्यास तुमच्या डॉक्टरांची हरकत बहुधा नसेल. पडदा तेवढ्यात वाया जात नाही. सिगारेट सोडवण्यासाठी औषधे आणि समुपदेशन दोन्ही मिळते, मात्र निकोटीनच्या गोळ्या किंवा चिकटपट्टी घ्यायची झाल्यास सर्जनांना सांगून घ्यावी. त्याच सुमारास त्याची रक्तातली साखर आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि नाकातल्या स्टॅफिलोकॉकसची तपासणी करून गरज पडल्यास मलम लावता येईल का, तेही विचारा. मी त्याचा एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्याला तपासणाऱ्यांचाच राहील. कल्चरचा कागद मिळाल्यावर जंतूचे नाव मला कळवलेत, तर सिमेंटमधल्या आणि नंतरच्या औषधांविषयी अधिक नेमके लिहीन.